बाई असलेल्या आज्या: नातवंडांनो, दोन पानं लिहायला मदत करा

कोयनाकाठ

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या मार्गशीर्षात गेली. पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका होती, ३१ मे १९९१ ला निवृत्त झाली. तिची शेवटची वर्षं ज्या शाळेत गेली ती शाळा यंदा स्मरणिका काढतेय आणि माझ्याकडे 'बाईंविषयी दोन पानं' मागितली आहेत. नमुना म्हणून मागच्या स्मरणिकेतला एक लेख पाठवला. त्यात ज्ञानयज्ञातील समिधा, नंदादीप, मातृहृदयी आणि सदा हसतमुख हे सगळं पहिल्याच परिच्छेदात उरकलं आहे.

आमची आजी हसतमुख नव्हती. सुट्टीत गावी गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धलेखन. पत्र पाठवलं तर उत्तरासोबत आमचंच पत्र परत यायचं, ऱ्हस्वदीर्घ तांबड्या पेन्सिलीनं सुधारून. लाड आजोबा करायचे. तरी ती गेल्यावर गावात जी माणसं आली, ती आमच्या नात्यातली नव्हती. साठी उलटलेले बाप्ये दारात उभे राहून 'बाई गेल्या' म्हणत होते आणि आम्ही नातवंडं त्यांच्याकडे बघत होतो, कारण ते जिच्याबद्दल बोलत होते ती बाई आम्हाला माहीतच नव्हती. आम्हाला मिळाली ती निवृत्त आजी. चाळीस वर्षं तिनं रोज नेमकं काय केलं, ते आम्ही पाहिलेलं नाही.

तर प्रश्न असा: ज्यांच्या आज्या, आया, आत्या प्राथमिक शाळेत होत्या, त्यांनी सांगा. भावना नकोत (त्या माझ्याकडे आहेत). काम सांगा. म्हणजे मला आत्याला आणि तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना काय विचारायचं ते कळेल. ऐकणारे कान आहेत, प्रश्न नाहीत अशी अवस्था झालीय.

जुनी_पाटी

कोयनाकाठ, मी निवृत्त मुख्याध्यापिका. तुमच्या आजीनंतरच्या पिढीची, पण माझ्या हाताखालून त्या पिढीची कागदपत्रं गेली आहेत.

पहिलं काम: पेन्शनच्या कागदांत सर्व्हिस बुकाची प्रत आहे का बघा. त्यात अर्धं चरित्र असतं. नेमणूक कधी, कुठल्या गावी, बदल्या, वेतनवाढी, रजा. १९९१ ला अठ्ठावन्न पूर्ण, म्हणजे जन्म १९३३ चा. त्या काळी मराठी सातवीची फायनल पास झालं की मास्तरकी मिळायची. बिनट्रेंड म्हणून लागायचं, मग ट्रेनिंग कॉलेजला जायचं, ज्युनिअर पीटीसी, सीनिअर पीटीसी. तुमच्या आजी लागल्या तेव्हा जिल्हा परिषद नव्हतीच. प्राथमिक शिक्षक जिल्हा स्कूल बोर्डाकडे होते. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. सर्व्हिस बुकात शिक्के बदललेले दिसतील.

दुसरं, शाळा एकशिक्षकी होती का ते विचारा. असेल तर निम्मी गोष्ट तिथेच आहे. एका खोलीत चार इयत्ता, शिवाय बिगरीची पोरं. चौथीला फळ्यावर गणितं घालून द्यायची, तिसरीला शुद्धलेखन, दुसरी बाहेर झाडाखाली पाढे म्हणतेय आणि बाई पहिलीला घेऊन बसलेल्या. दर पंधरा मिनिटांनी हे सगळं फिरवायचं. पाढे म्हणणारी इयत्ता थांबली की न बघता कळायचं कुणीतरी खोडी काढली. हे जमायला चार-पाच वर्षं जातात. 'मातृहृदय' त्यात कितपत कामी येतं मला ठाऊक नाही, कान तिखट लागतात.

आणि एक गोष्ट कुठल्याच स्मरणिकेत नसते म्हणून सांगते. शाळांना स्वच्छतागृह नव्हतं. मुलांना नव्हतं, बाईंनाही नव्हतं. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत बाया पाणी प्यायच्या नाहीत. १९८७ ला खडू-फळा मोहीम आली, तिच्यात दोन खोल्या, दोन शिक्षक आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं असं धरलं होतं. तुमच्या आजींची तोवर छत्तीस वर्षं नोकरी झाली होती. हिशेब तुम्हीच करा.

पूर्णाकाठी

अमरावतीकडून लिहितो. आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या आधी जनपद सभा होती, माझी आजी जनपदच्या शाळेत लागली. कामाचं विचारता म्हणून एक सांगतो.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आता सरकारचं ठीक आहे, पण एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे. म्हणून तक्ता आला: एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. गावातल्या बायांना हे काही केल्या पटेना. एका आण्याचे सहा अन् तीन आण्याचे एकोणीस कसे होतात? दुकानदार म्हणे सरकारचाच तक्ता आहे. त्यावर बाजाराच्या दिवशी आजीनं शाळेच्या ओट्यावर फळा आणून मांडला. तिनं बायांना सांगितलं, सुटं एक-एक आण्याचं घ्याल तर तुमचा फायदा, तीन आण्याचं एकदम घ्याल तर दुकानदाराचा. त्यानंतर म्हणे काही दिवस गावात सगळ्या बाया एक-एक आण्याचंच तेल मागत होत्या आणि दुकानदार येऊन आजोबांशी भांडला.

त्यामागून किलो-मीटर आले. शेर, पायली, हात, वार सगळं पुन्हा शिकवा. शाळेतली पोरं लवकर शिकली, मोठ्यांना वेळ लागला.

तटस्थ

धागा छान आहे, पण मी जरा वेगळं लिहितो. कोयनाकाठ म्हणतात नंदादीप नको, तर मग पूर्णच नको.

माझी आजीही प्राथमिक शिक्षिका. छडी होती, पट्टी होती, अंगठे धरून उभं करणं होतं. माझे वडील तिच्याच वर्गात होते. त्यांच्या सोबतचा एक मुलगा गणिताच्या तासाला इतका मार खायचा की तिसरीतच शाळा सोडून गुरं राखायला गेला. तो आज वडिलांना भेटतो, सगळ्यांची चौकशी करतो, आजीची करत नाही. आजी गेली तेव्हाही आला नाही. घरात तिच्याबद्दल बोलताना 'कडक शिस्तीची' हा शब्द वापरतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला बंदी केली, त्याआधी हे सर्रास चालायचं आणि पालकही 'हाडं आमची, मांस तुमचं' सांगून जायचे हे मान्य. पण सोडून गेलेली मुलं श्रद्धांजलीला येत नाहीत, म्हणून श्रद्धांजली नेहमी गोड होते.

दुसरं पगाराचं. 'स्वतःच्या पायावर उभी राहिलेली' वगैरे लिहिण्याआधी पगार कुणाच्या हातात जायचा ते विचारा. माझी आजी पाकीट न उघडता आजोबांना द्यायची. आयुष्यभर. पेन्शन मात्र तिनं स्वतः काढली, तेही आजोबा गेल्यावर.

जुनी_पाटी

तटस्थ, मार आम्हीही दिला आहे. सांगायला आवडत नाही, पण दिला आहे. तुम्ही लिहिलंत ते बरं केलं.

पगाराचंही खरं आहे. माझ्यासोबतच्या निम्म्या बायकांची तीच गत होती. काहींनी मात्र हुशारी केली होती: महागाई भत्त्याची थकबाकी आली की घरी सांगायचीच नाही, पोस्टात टाकायची.

कोयनाकाठ

थकबाकीवरून हसलो, कारण आमच्याकडे तीन पोस्टाची पासबुकं निघाली आणि आजोबांना एकाचीच माहिती होती.

मारण्याबद्दल मात्र मला विचारावं लागेल. आत्याला विचारून उपयोग नाही, ती आजीचीच विद्यार्थिनी. वर्गात तिला 'आई' म्हणायची परवानगी नव्हती. 'आई' म्हटलं की आजी ऐकूच आलं नाही असं करायची, 'बाई' म्हटलं की मान वर. शेवटी आत्या घरीसुद्धा चुकून बाई म्हणायला लागली आणि आजोबा वैतागायचे.

एकतीस_मे

मूळ पोस्टमधली तारीख बघून सदस्यनाव सार्थकी लागलं म्हणून लिहितो. ३१ मे १९९१! म्हणजे जन्मतारीख १ जून १९३३, बरोबर?

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे एका पिढीतल्या लाखो माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो. माझे वडील १ जून, दोन्ही काका १ जून, सासरे १ जून. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, असा सरकारी नियम आहे. त्यामुळे दर वर्षी ३१ मेला कचेऱ्याच्या कचेऱ्या रिकाम्या होतात, हार-नारळवाल्यांची चंगळ.

हे उद्योग कुणाचे? तुमच्या आज्यांचे. माझे वडील खरे दिवाळीतले. बाईंनी ठोकून दिली १ जून, त्याच सालची. पाच महिन्यांचा पगार गेला की नाही? वडील गमतीनं म्हणायचे, बाईंनी अक्षर दिलं आणि पाच महिने कापून घेतले.

जुनी_पाटी

हे मी वाचून सोडून देणार नव्हते.

जूनमध्ये पटनोंदणीला आम्ही घरोघर फिरायचो. विचारायचं, बाळाचा जन्म कधीचा? आई सांगणार, पंचमीच्या आदल्या दिवशी, मोठा पूर आला होता त्या साली. किंवा, थोरल्या जावेचं लग्न झालं त्या पावसाळ्यात. नोंद कुठे नाही, पत्रिका कुठे नाही. मुलाकडं बघायचं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडता येतो का बघायचं. आला हाताला कान, तर सहा वर्षांचा. वर्ष जूनमध्ये सुरू, दाखल करताना वय पूर्ण दिसायला हवं, म्हणून तारीख १ जून. दुसरी कुठलीही तारीख लिहिली असती तर तीही ठोकूनच दिलेली असती, वर त्या मुलाचं नाव एक वर्ष पुढे ढकलावं लागलं असतं. त्या एका वर्षात ते गुरांमागे जातं, मुलगी असली तर धाकटं भावंड कडेवर येतं. मग ते परत येत नाही.

तुमच्या वडिलांचे पाच महिने गेले हे खरं. पण दिवाळीपर्यंत थांबले असते तर नोकरीच लागली असती का, हेही त्यांना विचारा.

एकतीस_मे

वडील आता नाहीत. पण असते तर बाईंचीच बाजू घेतली असती, एवढं नक्की सांगतो.

चाकरमानी

कोकणातून. (खरं तर डोंबिवलीतून, पण कोकणाबद्दल.) आमच्या वाडीत आजी म्हणजे पोस्ट होती. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर आली की कुपनावर दोन ओळी असायच्या, त्या वाचायला बायका शाळा सुटायची वाट बघत पायरीवर बसायच्या. उत्तरं आजी लिहायची. तिच्या डोक्यात वाडीतल्या प्रत्येक घराची गोष्ट होती आणि तोंडातून चकार शब्द बाहेर पडला नाही. माझी आई सून म्हणून घरात आली, तिलाही कधी काही कळलं नाही.

एक मात्र आजी आईला सांगायची. नवरा पैसे पाठवत नाही म्हणून बाई जे संतापून सांगायची ते तसंच लिहायचं, गोड करायचं नाही. पण शेवटी 'मुलगा दुसरीत पहिला आला' हे आपल्या मनानं घालायचं. आलेला नसला तरी.

गोदातीर

मराठवाड्याची बाजू थोडी वेगळी आहे. माझी आजी जालन्याकडची. निजामाच्या राज्यात वरच्या इयत्तांचं माध्यम उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, आणि काही वर्षांत हीच उर्दूतून शिकलेली मुलगी मराठी शाळेत बाई म्हणून उभी राहिली. मराठी घरात बोलायची, पण भूगोल, गणित सगळं उर्दूतून शिकलेलं. ती रात्री कंदिलाच्या उजेडात दुसऱ्या दिवशीचा धडा स्वतः शिकायची. शेवटपर्यंत तोंडी हिशेब उर्दूत करायची. भाजीवाल्यासमोर पुटपुटत बेरीज करायची तेव्हा आम्हाला लाज वाटायची, आता वाटतं ऐकून तरी ठेवायला हवं होतं.

तिच्या सुरुवातीच्या शाळेचं रजिस्टर कुठे बघायला मिळेल का, कुणाला कल्पना आहे?

शून्यशेष

अवांतर: तोंडी हिशेबावरून आठवलं. या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन, हे आज किती जणांना माहीत असेल? माझी आजी साड्यांच्या दुकानात 'साडेसात वारांचे किती' हे दुकानदाराच्या यंत्राआधी सांगायची आणि मग त्याच्याकडे बघत राहायची.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मी आजीला तावातावानं विचारलं, तुला काय वाटतं? मला वाटलं भडकेल. ती म्हणाली, पहिलीच्या पोराला एकोणसाठ आणि एकोणसत्तर समजावून दाखव, मग बोलू. ती स्वतः पूर्वी मुलांना काडीचे गठ्ठे मांडून पन्नास आणि नऊ असंच शिकवायची, नाव नंतर.

तटस्थ

हे आवडलं. जुन्या शिक्षकांना आपण जुन्याचे रखवालदार समजतो. वर्गात रोज चाळीस पोरं समोर असली की माणूस जे चालतं ते करतो.

कोयनाकाठ

चार दिवस गावी होतो, म्हणून उत्तर नव्हतं. सगळ्यांचे प्रश्न घेऊन गेलो होतो. जे हाती लागलं ते इथे टाकतो, लांबलं तर माफ करा.

सर्व्हिस बुकाची प्रत सापडली. नेमणूक १९५१. आत्याकडून कळलं की पहिल्या गावात आजी धाकट्या दिराला सोबत घेऊन एका खोलीत राहायची, आजोबा कराडला. एकट्या बाईला खोली मिळत नव्हती म्हणून दीर. तो तिथेच तिच्या शाळेत चौथीत बसला.

भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. हा मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता, पण आजीला त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. शाळेची भिंत फाटली, पत्रे खाली आले. सोमवार होता, आणखी काही तासांनी पोरं आत असती. आत्या सांगते, आजीनं पडक्या खोलीतून आधी हजेरीपट काढला आणि घरोघर फिरली. आत्या बरोबर होती, लहान होती, तिला वाटलं हजेरी म्हणजे हजेरी. दारात उभं राहून आजी पटावरचं नाव पुकारायची आणि पोरगं 'हजर बाई' म्हणायचं. आमच्या गावचं कुणी गेलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस शाळा झाडाखाली भरली, घरात जायला मोठी माणसंही घाबरत होती.

१९७१ ची जनगणना. ही गोष्ट एका काकांनी सांगितली, तेव्हा ते आजीबरोबर कागद धरायला फिरत होते. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पुरुष रानात गेलेले, प्रगणकांची सगळीकडे पंचाईत. आजीची अजिबात नाही, कारण मुलाच्या नावापुढे बापाचं नाव तिच्या पटावर होतंच. ती विचारायचीच नाही, लिहून टाकायची. ज्यांना शाळेत जाणारं पोर नव्हतं तिथे मात्र अडायचं. वयाचं असं की धरणाचं काम सुरू झालं तेव्हा केवढे होतात, गांधींना मारलं तेव्हा लग्न झालं होतं का, यावरून.

आता संप. हे मला अजिबात माहीत नव्हतं. डिसेंबर १९७७ मध्ये राज्य कर्मचारी आणि शिक्षकांचा संप झाला, चोपन्न दिवस चालला. केंद्राइतका महागाई भत्ता हवा म्हणून. आजी संपात होती. पाटणच्या मोर्चात पुढे चालत होती. आम्ही जिला ओळखत होतो ती आजी तहसीलदार आला तरी पदर सावरून उभी राहायची! गावातली चार माणसं घरी आली की बाई, स्कॉलरशिपची पोरं आहेत, निदान त्यांना घरी शिकवा. आजीनं नाही म्हणून सांगितलं. संप म्हणजे संप. आत्याच्या मते गावात नंतर बरेच दिवस लोक नीट बोलत नव्हते. त्या वर्षी शाळेतलं एकही मूल स्कॉलरशिपला बसलं नाही.

आणि तटस्थ, तुमचा प्रश्न मी विचारला. शाळा सोडलेल्यांपैकी एक जण सापडले, आता पंचाहत्तरीचे आहेत. म्हणाले, पट्टी मारायच्या, हातावर, पण मी त्यानं सोडली नाही, बाप गेला म्हणून सोडली. बाई दोनदा घरी आल्या होत्या, आई म्हणाली पोटाला कोण घालणार, तर परत गेल्या. पुढे ऐंशीच्या आसपास रात्रीचा प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा बाईंनी त्यांचं नाव न विचारताच पटावर घातलं. सही तिथे शिकले. सोसायटीचं कर्ज अंगठ्याऐवजी सही करून घेतलं, हे त्यांनी मला दोन वेळा सांगितलं.

आता पेच. आत्या म्हणते संपाचं लिहू नकोस, शाळेची स्मरणिका आहे, बरं दिसत नाही. सचिवांना फोन केला तर तेही म्हणाले, 'तेवढं सोडून बाकी फार छान'.

पूर्णाकाठी

लिहा हो. त्या संपात माझेही आजोबा होते, तहसिलात कारकून. किराण्याच्या वहीवर घर चाललं, फेडायला वर्ष लागलं. कुठे लिहून ठेवलेलं नाही.

तटस्थ

संप काढला तर काय उरतं? भूकंपात हजेरी घेणारी देवी. पुन्हा नंदादीपच. आधी बाजूच्या चार गोष्टी मान्य करून घ्या, मग संपाचा परिच्छेद मधोमध ठेवा. शेवटी ठेवलात तर कात्री तिथेच लागेल.

चाकरमानी

मला मात्र आत्याचं थोडं पटतं. गावात राहायचं तिला आहे, आपल्याला नाही. ज्या मुलांचं वर्ष गेलं त्यांची घरं तिथेच आहेत. लिहायचंच तर त्या मुलांचंही मत घ्या. नाहीतर तीही एकतर्फी गोष्ट होईल.

कोयनाकाठ

चाकरमानी, घेतलं. त्या वर्षीच्या चौथीतले दोघं गावातच आहेत. एक म्हणाले, स्कॉलरशिप मला तशीही मिळाली नसती. दुसऱ्यांना अजून राग आहे. म्हणाले, बाईंना पगाराचं पडलं होतं. पण लिही म्हणाले, नाव घालू नको.

तर मी असं लिहिलं आहे, हा मधला भाग:

'डिसेंबर १९७७ मध्ये शिक्षकांचा संप झाला तेव्हा बाई संपात होत्या. चोपन्न दिवस त्यांनी शिकवलं नाही, घरीही नाही. त्या वर्षी आपल्या शाळेतून स्कॉलरशिपला कुणी बसलं नाही आणि त्याचा राग काही घरांत आजही आहे. बाईंना तेव्हा सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. घरात खाणारी सात माणसं होती. पगार वाढवून मागणं ही बाईमाणसानं करायची गोष्ट नाही असं त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, तरी त्या मोर्चाला गेल्या. संप मिटल्यावर शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी राहिलेला भाग पुरा करायला रविवारी वर्ग घेतले. त्याचा जादा पगार नव्हता आणि तो त्यांनी मागितलाही नाही.'

आत्यानं वाचलं. म्हणाली, सात नाही, आठ. कामाला येणारी म्हातारीही आपल्यातच जेवायची. तेवढं सुधारून दिलं आहे. सचिवांनी अजून कळवलं नाही.

एकतीस_मे

जन्मतारीख काय छापताय?

कोयनाकाठ

सर्व्हिस बुकातली. आत्याच्या म्हणण्यानुसार ती श्रावणातली, पण साल कुठलं यावर घरात तीन मतं आहेत. तिच्याही बाईंनीच ठोकून दिलेली दिसते.

जुनी_पाटी

परिच्छेद चांगला झालाय. 'पुरा करायला' बरोबर आहे, कुणी सुधारायला लागलं तर सुधारू देऊ नका.

गोदातीर, तुमचा प्रश्न मध्येच राहून गेला. हजेरीपट जुने सापडणार नाहीत, पण मुलांचं जनरल रजिस्टर शाळेला कायम जपावं लागतं. ज्या गावी आजी होत्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना साधा अर्ज करा, कारण लिहा, आजींच्या नेमणुकीच्या कागदाची प्रत जोडा. दाखवायचं की नाही ते त्यांच्यावर, पण अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. शेरेबुक असेल तर तेही मागा, दीपोटी तपासणीला आले की शेरा त्यात लिहायचे. फार जुनी पानं उर्दूत निघाली तर तालुक्याच्या उर्दू शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना सोबत न्या. शनिवारी जा, सकाळची शाळा असते, अकरानंतर मुख्याध्यापक मोकळे सापडतील. जूनमध्ये मात्र जाऊ नका, तेव्हा कुणाला मान वर करायला फुरसत नसते.